जेवायला कुणी येईना

पहिल्या दिवशी आम्ही दोन मोठ्या देगा चढवल्या. एकीत ज्वारीच्या कण्या, दुसरीत तुरीचं पातळ वरण. पत्रावळी मांडल्या, माठ भरले आणि पदर खोचून आम्ही चार मास्तरणी दाराकडं डोळे लावून बसलो. दुपार उलटली तरी जेवायला कुणी येईना. शहागंजातल्या मशिदीपाशी बसणारे तीन फकीर तेवढे वासावर आले, पोटभर जेवले, दुआ देऊन गेले. ज्या विणकरांसाठी हा सगळा खटाटोप केला होता त्यांच्यातलं एकही माणूस फिरकलं नाही.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि औरंगाबादेत मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझे यजमान परभणीला तहसील कचेरीत कारकून. महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचे. घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मामंजी अदालतीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर न्यायाधीशांसमोर कागद वाचून दाखवले, त्यामुळं घरातही बोलायचे ते निकाल वाचल्यासारखं. घर सोवळ्याचं होतं. पण मला नोकरी करू दिली ती मामंजींनीच. शिकलेल्या बाईनं घरात बसून शेंगा फोडाव्यात हे त्यांना पटत नसे.

आमच्या शाळेत हिमरू विणणाऱ्यांच्या मुली बऱ्याच होत्या. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेलं वेलबुट्टीचं कापड. बड्या लोकांच्या शेरवान्या त्याच्या व्हायच्या, शाली व्हायच्या. लढाई सुरू झाली, सूत मिळेनासं झालं आणि एकेक करत माग थांबले. त्या गल्ल्यांतून शाळेत जाताना दोन्ही बाजूंनी खटखट ऐकू यायची, ती बंद झाली. मला त्या आवाजाची इतकी सवय होती, की शांततेत माझ्याच चपलांचा आवाज मोठा वाटायचा.

मग वर्गात मुली पेंगायला लागल्या. एक दिवस एक मुलगी फळ्यावर बेरीज मांडता मांडता खडू हातात धरून खाली बसली. आमच्या हेडबाईंनी तिला गूळ आणि पाणी दिलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंस?"

"आज नाही खाल्लं, बाई. आज भावाचा दिवस होता."

घरात भावंडं एक दिवसाआड जेवत होती. हे ती इतक्या सहज म्हणाली, की हेडबाई तडक खोलीबाहेर गेल्या.

हेडबाई बीडकडच्या होत्या. लहानपणीच विधवा झालेल्या, पांढरं लुगडं नेसायच्या, आणि आवाज असा की पहिलीच्या वर्गात बोलल्या तर चौथीच्या मुली गप्प व्हायच्या. पुढच्या आठवडाभरात त्यांनी काय काय केलं ते मला अजून नवलाचं वाटतं. सिल्लोडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची मुलगी आमच्याकडं शिकत होती; त्याच्याकडून ज्वारीची गाडी आणवली. चितेगावच्या एका शेतकरी घरातून तुरीची डाळ आणवली. गल्लीतल्या जमातीच्या लग्नाच्या देगा मागून घेतल्या. आणि जागा मिळवली ती जाफर दरवाज्याकडच्या एका रंगाऱ्याच्या अंगणात. सूतच नाही तर रंगवणार काय? त्याच्या भट्ट्या गार पडल्या होत्या. तो म्हणाला, "घ्या बाई, भट्टीला जाळ तरी दिसंल." अंगणाच्या भिंती निळ्या, लाल, जांभळ्या ओघळांनी माखलेल्या होत्या. जमिनीत इतका रंग मुरला होता, की पाणी सांडलं तर आमचे पाय घोट्यापर्यंत निळे व्हायचे.

मी मदतीला जायचं ठरवलं तेव्हा मामंजींना विचारणं भाग होतं. ते अंगणात बसून नखं काढत होते.

"अन्नदानाला नाही म्हणणारा मी कोण?" ते म्हणाले. "जा. हात लाव, पण तोंड लावू नकोस."

मी बरं म्हटलं. त्या वेळी मला त्यात काही अवघड दिसलं नाही.

तर पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी हेडबाई म्हणाल्या, "त्यांना कळलं नसेल. घरोघर जाऊन सांगू या." आम्ही दोघी-दोघी गल्ल्यांत फिरलो. सगळीकडं एकच उत्तर. बायका हसून दार उघडायच्या, बसा म्हणायच्या, पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, अल्लाची मेहेरबानी आहे, आमच्याकडं सगळं आहे, ज्यांना गरज आहे त्यांना बोलवा. साळ्यांच्या, म्हणजे हिंदू विणकरांच्या घरीही तेच, फक्त अल्लाच्या जागी देवाचं नाव. एका साळणीनं तर उलट आमच्याच हातावर चार फुटाणे ठेवले.

गल्लीच्या टोकाच्या घरात जात्याची घरघर चालली होती. माझ्याबरोबरची मास्तरीण म्हणाली, "चला, इथं तरी दळण चाललंय." पण मी लहानपणी पिशोरला आजोळी पहाटे उठून दळलेलं आहे. दाणे असलेल्या जात्याचा आवाज जड असतो, भरलेला असतो. हा नुसता दगडावर दगड घासल्याचा आवाज होता. दार ढकललं तर एक साठ-पासष्टीची बाई जात्यापाशी बसलेली. जात्याभोवती पिठाचा कण नाही. शेजारणींना ऐकू जावं म्हणून ती रिकामं जातं फिरवत होती.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. तिचा हात थांबला. जेवायला या म्हणायला आलेली मी, ते शब्द तोंडातून निघेनात. आणि मग मला खरंच जे वाटत होतं तेच मी बोलले.

"बडी बी, आमच्याकडं ज्वारी आहे, पण भरडायला कुणाला येत नाही. आम्ही सगळ्या शाळेतल्या बायका. काल कण्या खाली लागल्या."

बडी बी एकदम हसली. पुढचे दोन दात नव्हते तिला. "हौ, मालूम है! पूरी गल्ली में बास आई. मी ह्यांना म्हणलं, ही मास्तरणींची देग हाये."

"मग येता का? कण्या भरडून द्या. आणि शिजवताना जरा आमच्यावर लक्ष ठेवा."

"म्हंजी कामाला बोलावतीस?"

"हो. कामाला."

"कामाला येईन," ती म्हणाली, आणि उठून आतल्या माणसाला हाक मारली, "अहो, जातं उचला!"

तिचा नवरा मोठा कारागीर. गल्लीत सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. तो आणि शेजारचा एक जण, जात्याचे दोन दगड दोघांनी खांद्यावर घेऊन, भर दुपारी गल्लीतून वाजतगाजत निघावं तसे निघाले. बडी बी पुढं. विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "मास्तरणीला काही जमंना, मदतीला चालले." ते ऐकून आणखी तिघी तिच्यामागं निघाल्या. एकीनं सूप घेतलं होतं, एकीनं केरसुणी, तिसरी नुसतीच.

त्या दिवशी कण्या अशा झाल्या, की हेडबाईंनी डोळे मिटून खाल्ल्या. बडी बीनं तेल तापवून वर लसणाची आणि लाल मिरचीची फोडणी दिली होती. शिजवून झाल्यावर त्या चौघी आणि उस्ताद हात धुऊन निघायला लागले. हेडबाईंनी वाट अडवली.

"लग्नघरी राबणाऱ्या बायका उपाशी घरी जातात का? तुमच्यात जातात का?"

"न्हाय बा," बडी बी म्हणाली.

"आमच्यातही नाही. इथं जो काम करील त्यानं जेवूनच जायचं. हा इथला कायदा."

बसले बिचारे. मान खाली घालून सुरुवात केली, मग भरभर जेवले. उरलेलं अन्न पाहून उस्ताद म्हणाले, "उद्या काम जरा जास्त दिसतंय. आणखी दोघं आणू का?"

तिथून सगळं बदललं. तिसऱ्या दिवशी पंधरा माणसं कामाला आली. आठवड्यानं अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये एक कनात लावली. अलीकडं बायका, पलीकडं पुरुष. जेवायला कुणीच येत नव्हतं, सगळे मदतीला येत होते. घरच्या पोरासोरांना घेऊन यायचे आणि दारातच सांगायचे, "काय काम हाये?" आणि हेडबाईंना प्रत्येकाला काम द्यावं लागायचं, कारण काम न करता पत्रावळीवर बसायला कुणी तयार नव्हतं.

काम एवढं आणायचं कुठून? लाकडं फोडायला सहा जण होते. पत्रावळी लावायला दहा. मग हेडबाई कामं शोधून काढायला लागल्या. एका म्हाताऱ्या बाईला कावळे हाकायला बसवलं. ती बसल्या जागी झोपायची आणि कावळे तिच्या शेजारी येऊन बसायचे, पण कुणी तिला काढलं नाही. एका आंधळ्या विणकराला देगेजवळ बसवून वासावरून शिजलं की नाही सांगायचं काम दिलं. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. एक बाळंतीण आली, तिला हेडबाई म्हणाल्या, "तू या बाळाला इथं गप्प ठेव, म्हणजे आम्हाला काम करता येईल." तिनं ते काम फार मनापासून केलं. बडी बीकडं मीठ होतं. वयामुळं ती कनातीच्या दोन्ही बाजूंना खुशाल फिरायची. तिनं चाखून मान हलवल्याशिवाय देग उतरायची नाही, आणि मान हलवायला ती मुद्दाम वेळ लावायची. दोन्ही बाजूंची माणसं तिच्या तोंडाकडं बघत उभी असायची.

उस्तादांची मोठी पंचाईत झाली. त्यांना पहिल्यांदा देगा घासायला दिल्या. त्यांनी हात पुढं करून दाखवले. असे मऊ हात मी पुरुषाचे पाहिलेले नव्हते. राखेनं हात खरखरीत झाले तर रेशमाचा धागा अडकतो, तुटतो. "सूत आज न्हाय, उद्या येईल," ते म्हणाले. "तेव्हा हात पाहिजेत." सगळ्यांना ते पटलं. मग त्यांनी स्वतःच काम निवडलं. त्यांना पंगत वाकडी दिसली. जन्मभर मागावर ताण्याचे उभे धागे सरळ लावणारा माणूस, त्यांना वाकडी ओळ बघवेना. त्यांनी एक दोरी आणली, दोन टोकांना दोन खुंट्या ठोकल्या आणि पत्रावळी दोरीला लावून मांडायला लागले.

"तुम्ही, पिवळा फेटा, दोन बोटं मागं. तुम्ही पुढं. गुडघा आत."

भुकेली माणसं खोटी कुरकुर करत मागं-पुढं सरकायची. "उस्ताद, पोट तर दोरीच्या बाहेर जातंय, कापू का?" असं कुणी म्हणायचं. पण सगळी ओळ सरळ झाल्याशिवाय उस्ताद वाढू द्यायचे नाहीत, आणि मला वाटतं लोकांनाही ते आवडायचं. कुणीतरी त्यांच्या बसण्याची एवढी फिकीर करतंय म्हणून.

जातीपातीचं, धर्माचं काय, असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. सुरुवातीला साळी घरातल्या बायका एका टोकाला बसत, स्वयंपाकाला एक साळीण असावी असा त्यांचा आग्रह होता, तो हेडबाईंनी मानला. मग ती साळीण आणि बडी बी फोडणीवरून रोज भांडायला लागल्या आणि त्यांचं भांडण ऐकायला सगळ्या जवळ सरकल्या. यापेक्षा वेगळं काही कुणी केलं नाही.

माझं मात्र तसंच चाललं होतं. मी वाढायचे, पाणी द्यायचे, आणि पंगत बसली की म्हणायचे, "मी घरी जाऊन जेवते." पंधरा-वीस दिवस कुणी काही बोललं नाही. एक दिवस मी वाढत वाढत बडी बीच्या पत्रावळीपाशी आले तर ती हात मांडीवर ठेवून बसलेली.

"बडी बी, खा ना."

"तू नई खाती?"

"मी घरी..."

"काम किया ना तू? सकाळपासून बघतीया, बसली न्हाईस. इथला कायदा काय हाये?"

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. मग कनातीच्या या बाजूची सगळी ओळच थांबली. कुणी रागानं बघत नव्हतं. सगळ्या नुसत्या वाट बघत होत्या. मला मामंजींचं वाक्य आठवत होतं. आणि खरं सांगायचं तर मला सपाटून भूक लागली होती. रोज तो लसणाचा वास घेऊन उन्हातून घरी जाऊन गार भात खायचा मला कंटाळा आला होता. माझ्यात धैर्य आलं वगैरे काही नाही. मी बडी बीच्या शेजारी बसले, तिनं पत्रावळ पुढं केली आणि मी जेवले. कण्यांना धुराचा वास होता, वरण तिखटजाळ होतं, मला ठसका लागला, आणि शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली ती लग्न झाल्यापासून माझ्या पाठीवर पडलेली पहिली थाप. मी दोनदा मागून घेतलं.

मामंजींशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. ते पेशकार होते, खोटं त्यांना लगेच कळायचं. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. ते फक्त "ठीक आहे" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वतःचा भात स्वतः लावायला बसले. आयुष्यात त्यांनी चूल पेटवली नव्हती. घर धुरानं भरलं. भात वरून कच्चा, खालून कोळसा. तो त्यांनी ताकाबरोबर खाल्ला, सगळा, माझ्यासमोर बसून. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, "मामंजी, मी स्नान करून, धूतवस्त्र नेसून स्वयंपाक करते."

"मला काही त्रास नाही," ते म्हणाले आणि दातात अडकलेला कच्चा तांदूळ काढायला लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कनातीच्या अलीकडं वाढत होते. पलीकडून काठीचा ओळखीचा आवाज आला. कनातीच्या फटीतून पाहिलं तर मामंजी. शेरवानी, डोक्याला पागोटं, कचेरीत जायचे तसे. ते हेडबाईंना भेटून माझं नाव काढून घ्यायला आले असणार, माझी खात्री होती. वाढायची पळी तशीच हातात धरून मी फटीपाशी उभी राहिले.

ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि एकदम उस्ताद ओरडले, "जनाब, तुम्ही दोरीत उभे हायेत!"

मामंजींना आयुष्यात कुणी असं म्हटलं नसेल. त्यांनी खाली पाहिलं. खरंच ते दोरीवर उभे होते. ते बाजूला झाले.

"माफ करा," ते म्हणाले.

"काय काम करणार?" उस्तादांनी विचारलं. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारायचे.

"काम? मी इथं..." मामंजी थांबले. आजूबाजूला सगळे हातातलं काम सोडून बघत होते. "मी निवृत्त पेशकार आहे. मला कागदांशिवाय दुसरं काही येत नाही."

अंगणात कुजबुज झाली. उस्ताद आत गेले आणि फडक्यात बांधलेला एक कागद घेऊन आले. सूत तेव्हा परवान्यावर मिळायचं आणि त्यासाठी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून अर्ज केला होता. बाजारात बसणाऱ्या एका लेखनिकानं लिहून दिलेला तो अर्ज वरून परत आला होता, आणि का परत आला ते कुणाला कळत नव्हतं. मामंजींनी चष्मा लावला. उभ्या उभ्या वाचला. चेहरा असा झाला जणू कण्यांत खडा लागला.

"हा अर्ज आहे? यात सलाम तीन वेळा आहे आणि मागणी एकदाही नाही. किती माग, किती माणसं, कोणत्या नंबरचं सूत, काहीच नाही! कुणी लिहिलं हे?"

"जनाब, तुम्ही लिवता?"

मामंजी तिथल्या उलट्या घातलेल्या रिकाम्या कढईवर बसले. "बोला. पहिला माग कुणाचा?"

ते चार दिवस रोज येत राहिले. प्रत्येक विणकराला बोलावून विचारायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. शब्दावरून त्यांचं आणि उस्तादांचं वाजायचं. उस्तादांना वाटायचं थोडी विनवणी हवी, मामंजी म्हणायचे विनवणी खालच्या ओळीत. अर्ज झाला तरी ते येतच राहिले, पण माझ्याबद्दल हेडबाईंशी एक शब्दही बोलले नाहीत.

पण कायदा होताच. पहिल्याच दिवशी बडी बी कनातीपलीकडं जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पेशकारसाहेब, काम केलं. आता जेवायचं."

"बाई, मला ते शक्य नाही," मामंजी म्हणाले. "राग मानू नका. या वयात आता माझ्यानं होणार नाही."

बडी बीनं त्यांना नीट निरखून पाहिलं. मग ती म्हणाली, "मग घरचा डबा आणा. पण बसायचं दोरीतच."

दुसऱ्या दिवशी मामंजींनी मला विचारलं, "डबा करशील?" मी केला. घरातली त्यांची चूल त्या दिवशी बंद झाली, याचा आनंद आम्हा दोघांपैकी कुणाला जास्त झाला ते मला माहीत नाही. दुपारी ते पंगतीत बसले. उस्तादांनी त्यांना दोन बोटं मागं सरकवलं. त्यांनी डबा उघडला तसा शेजारचा विणकर वाकून म्हणाला, "ते काय हाये?"

"लिंबाचं लोणचं."

"उपासाचं?"

"नाही. घ्या."

त्यांनी त्याच्या पत्रावळीवर एक फोड वाढली. मग पलीकडच्यानं हात पुढं केला. डब्यात फोडी होत्या चार, माणसं होती ओळभर. संध्याकाळी घरी आल्यावर मामंजी फडताळापाशी उभे राहून बरणीत डोकावत होते. "उद्या लोणचं जरा जास्त बांध," ते म्हणाले. "तिथं लोकांना आवडतं." वर्षभराची बरणी पंधरा दिवसांत संपली. मग चितेगावहून लिंबं मागवून, उन्हाळ्याची वाट न बघता, आम्ही दुसरी घातली. मीठ किती घालायचं ते विचारून ये, असं मामंजींनी मला सांगितलं. कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

देगेतलं त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं नाही. माझ्या जेवण्याचा विषयही पुन्हा कधी काढला नाही.

नवीन अर्ज गेला. महिना गेला, आणखी काही दिवस गेले. कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा उस्तादांबरोबर मामंजी स्वतः गेले. येताना दोघं टांग्यातून आले, टांग्याच्या मागच्या बाजूला सुताचे गठ्ठे बांधलेले. पुरतं नव्हतं, सगळे माग चालतील एवढं नव्हतंच. पण गल्लीत बायका दारात आल्या आणि लेकरं टांग्यामागं पळत सुटली.

त्यामुळं आमची मात्र पंचाईत झाली. सूत आलं म्हणजे रंगवायला हवं, आणि रंगाऱ्याला त्याच्या भट्ट्या हव्यात. तो बिचारा हेडबाईंसमोर हात जोडून उभा. हेडबाई म्हणाल्या, "अहो, हात काय जोडता? याचीच तर वाट बघत होतो." ठरलं असं, की एक देग शाळेत न्यायची, मुलींसाठी दुपारचं शिजवायचं, आणि इथलं आवरायचं. शेवटच्या दिवशी निम्म्या भट्ट्यांवर रंग उकळत होता आणि निम्म्यांवर गोड भात. चुकून कुणी कुणात काही टाकू नये म्हणून त्या आंधळ्या विणकराला मध्ये बसवलं होतं. वर आडव्या बांबूंवर सुताच्या लाल आणि निळ्या लडी वाळत घातलेल्या, आणि खाली दोरीला लावून पंगत. लडी नीट पिळल्या नव्हत्या. वारा आला की थेंब पडायचे. भातावर पडले तर तेवढा भात बाजूला सारायचे. मामंजींच्या पांढऱ्या धोतरावर, गुडघ्याखाली, निळे ठिपके उठले. ते पाहून सगळी ओळ हसली. मामंजीही हसले, डबा मांडीवर धरून, खांदे हलवत. मी त्यांना असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं शाळेत जाताना मी मुद्दाम त्या गल्लीतून गेले. चार-पाच घरांतून माग चालल्याचा आवाज येत होता. बडी बी खिडकीत बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती, तोंडात धाग्याचं टोक. मी हाक मारली. तिनं वर पाहिलं, हात न थांबवता मान हलवली.

"बडी बी, कशा आहात?"

तिनं धागा तोंडातून काढला. "बाद में बेटी, बाद में! बघतीस न्हाय, कामात हाये," ती म्हणाली, आणि आतून उस्तादांनी कांडी मागितली तशी ती लगबगीनं उठली.